कुंडी तीच, झाड दुसरं

२ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून वर तेवढी जागा मोकळी सोडली आहे.

फोनवर तू रडतेस, मी ओरडते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की दोघींपैकी कुणीच काही सांगितलेलं नाही. म्हणून कागद घेतला. कागदावर ओरडलं तर शेजारी ऐकत नाहीत, हा एक फायदा.

तुझी चिठ्ठी मिळाली. 'ताई, अप्पांना भेटायला येऊ का? मला ओळखेनासे व्हायच्या आत एकदा येऊ दे.' बस्स. खाली सही, बाकी कागद कोरा. मी उलटून पाहिला, मागेही काही नाही. जी माणसं एवढं कमी बोलतात त्यांच्या पोटात फार असतं. हे मी उगाच म्हणत नाही, मला पगारच त्याचा मिळतो.

तुला माहीतच आहे, मी दुकानात परत आलेल्या मालाच्या खिडकीवर बसते. मिक्सर, इस्त्र्या, पंखे, हीटर. लोक येतात, 'चालत नाही, बदलून द्या' म्हणतात. खोकं नवं, बिल नवं, आतलं थर्माकोलसुद्धा जागच्या जागी. आणि त्यातून निघते कुणाच्या तरी माळ्यावरची जुनाट इस्त्री, वायरीला चिकटपट्टी गुंडाळलेली. परवा एक गृहस्थ आले होते, चांगले इस्त्रीच्या कपड्यातले. मी इस्त्री नुसती उचलली आणि म्हटलं, 'काका, ही तुमच्या सासूबाईंची का हो?' तर मलाच म्हणतात, 'तुम्ही माझ्यावर संशय घेताय?' म्हटलं, 'घेते. त्यासाठीच बसवलंय मला इथे.'

तर खोकं तेच आणि आत माल दुसरा, हा प्रकार मी रोज बघते. माझ्या स्वतःच्या गॅलरीत, माझ्या सख्ख्या बहिणीकडून तो बघायला मिळेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी थंडीत अप्पांना तुझ्याकडून माझ्याकडे आणलं. मागून टेम्पोतून त्यांचा चाफा आला, कुंडीसकट. पानं झडलेली, नुसत्या बोडक्या काड्या. चाफा थंडीत असाच असतो, म्हणून मी काही बोलले नाही. उन्हाळ्यात फुलला. तर पांढरा! मध्ये पिवळा, कुठल्याही रस्त्याच्या कडेला असतो तसला. आपला लाल होता गं. भडक नाही, गडद. आई सकाळी चहाचा कप घेऊन ज्याच्याशी गप्पा मारायची तो चाफा. आणि कुंडी विचारशील तर ती आपलीच. काठाला गेलेला तडा, तो अप्पांनी तारेनं आवळलेला, तारेचं टोक अजून येता-जाता माझ्या पायाला लागतं. कुंडी तीच, झाड दुसरं.

अप्पांना दाखवलं. खुर्चीतून वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'हा माझा नाही. माझा कुणी नेला?' ज्या माणसाला आपण चहा घेतला की नाही ते आठवत नाही, त्याला एवढं बरोबर कळलं. तेव्हापासून रोज विचारतात. आणि मी सांगते, तुमच्या धाकटीनं नेला. मग काय खोटं बोलू?

तुला यायचंय ना? जरूर ये. पण आधी चाफा येऊ दे. तोवर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकटे,

'चाफा तोच आहे ताई. शपथ.'

अगं, शपथा मी दिवसभर ऐकते. मुलांच्या शपथा, आईच्या शपथा, एकानं तर आपल्या नव्या फ्रिजची शपथ घेतली होती. शपथ घेतली की मी आधी खोक्याचा तळ बघते.

आता तळच बघू. आत्या पावसाळ्याच्या शेवटी तुझ्याकडे राहून गेली. परवा माझ्याकडे आली. 'मला मेलीला दोघी सारख्याच, मी कशाला आगीत तेल ओतू,' असं म्हणाली आणि मग डबाच उपडा केला. म्हणे, तुझ्या दाराशी लाल चाफा आहे. कमरेएवढा. फुललेला. तिनं विचारलं तर तू म्हणालीस, नर्सरीतून आणला. म्हणजे बघ हं. अप्पांचा लाल चाफा तुझ्या घरातून निघाला तो माझ्याकडे पांढरा होऊन पोचला, आणि तुझ्या दाराशी लाल उगवला. आणि मी मात्र शपथेवर गप्प बसायचं. आपला उंच होता हे मला माहीत आहे, पण छाटला की होतो कमरेएवढा.

दुसरं. अप्पांचा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ. माती कुंडीच्या काठाखाली दोन बोटं, पाण्याला टेकायला जागा हवी. लहानपणी माती वर गेली की हातात चमचा द्यायचे आणि काढायला लावायचे. मी रडायचे, तू काढायचीस. या कुंडीत माती काठोकाठ आहे. तांब्याभर पाणी घातलं की अर्धं फरशीवर. अप्पांच्या मागे मागे फिरणाऱ्या मुलीनं ही कुंडी अशी कशी भरली? घाईत भरली. घाई कुणाला असते? कुणी बघायच्या आत ज्याला उरकायचं असतं त्याला. कुठेतरी पाणी मुरतंय, धाकटे.

तुझे भावोजी म्हणतात, 'तू पोलिसात असतीस तर आधी चौकीतला चहावाला आत टाकला असतास.' त्यांना सगळं हसण्यावारी न्यायची सवय. पण परवा ते हसले नाहीत, तेही सांगून टाकते. संध्याकाळी अप्पांनी विचारलं, 'धाकटी आली का शाळेतून?' मी काही बोलायच्या आत आपणच म्हणाले, 'नको, दार लावून घ्या. ती झाडं नेते.' आणि खरंच उठून कडी बघायला निघाले. भावोजी वर्तमानपत्र घेऊन आत गेले ते जेवायलाच बाहेर आले. मी काही शिकवून ठेवलं नव्हतं. विचारलं तेवढं सांगितलं.

डॉक्टर म्हणतात, आज ओळखतात, उद्याचं सांगता येत नाही. तेव्हा लवकर काय ते कबूल कर.

ताई


२५ फेब्रुवारी

धाकटे,

झाड मरतंय. तुझ्यावर शंका घ्यावी तर ते झाडही जिवंत राहायला तयार नाही.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या चाफ्याला हिरवे कोंब आले. आपल्याला, म्हणजे तू पाठवलेल्याला, काही नाही. परवा खोडाला हात लावला तर मातीजवळ मऊ लागलं, अंगठा आत जाईल इतकं. कठड्याकडे कललंय. अप्पा खुर्चीतूनच म्हणाले, 'बुंधा कुजतोय. कुंडी बदला.' माझा नाही म्हणतात आणि काळजीही करतात.

हे मी तुला कळवणारही नव्हते. पण भावोजींनी परस्पर कळवलं. घरातच फितुरी! आणि तुझं उत्तर आलं, आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्यांपेक्षा लांब. 'ताई, कुंडीला हात लावू नकोस. मी येते, मीच बदलते. तू मला भेटूही नकोस हवं तर. फक्त तेवढा वेळ अप्पांना बाहेर फिरायला ने.'

वाचलं आणि खुर्चीत बसले. मनात शंकेची पाल चुकचुकणं वेगळं, इथे पालींची सभाच भरली. अप्पांना बाहेर ने? उद्यान खात्यात जन्मभर झाडं छाटलेला माणूस. त्याच्या झाडाची कुंडी बदलायची आणि त्यालाच घराबाहेर काढायचं? का? त्याला काय दिसेल जे मला दिसणार नाही?

मी काय काय विचार केला सांगू? आधी वाटलं, आईची एखादी वस्तू पुरून ठेवली असशील. मग वाटलं, छे, तेवढी तू हुशार नाहीस. आत नर्सरीचं रोप असणार, काळ्या पिशवीसकट बसवलेलं. पिशवी काढायचीसुद्धा घाई झालेली. अप्पा ती पिशवी बघताच ओळखतील आणि मग तुझं बिंग फुटेल. होय ना?

तर ऐक. कुंडी मीच बदलणार, येत्या नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी, माती सुकली की. आणि अप्पांना समोर खुर्ची टाकून बसवणार. साक्षीदार हवा तर जाणकार हवा.

ताई


६ मार्च

धाकटे,

दुकानात फोन करायचा नाही. समोर माणसं हीटर काखेत धरून उभी, आणि कानात तू. 'ताई, पाया पडते, अप्पांसमोर नको. मी चोर तर चोर. काय आळ घ्यायचाय तो घे, पण त्यांच्यासमोर कुंडी उकरू नकोस.'

मी म्हटलं, 'म्हणजे नेलास ना?' सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. तू फोन ठेवलास.

चोर तर चोर, असं कुणी निरपराध माणूस म्हणतं का? तूच सांग. मला नीट झोप लागली नाही, पण ते चहा जास्त झाल्यामुळे.

रविवारी बदलणार म्हणजे बदलणार.

ताई


९ मार्च, रविवार

मुंगे,

पुष्कळ वर्षांनी अप्पांनी ठेवलेलं तुझं नाव लिहिलं. क्रमानं सांगते. मध्येच रडायला बसू नकोस, मग पुढचं वाचायचं राहील.

चार दिवस पाणी दिलं नव्हतं, माती सुकून कुंडीच्या कडेपासून सुटली होती. गॅलरीत जुनी चादर पसरली. अप्पांना खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली. आणि काय सांगू, चादर बघितली मात्र, अप्पा वेगळेच झाले. गेल्या वर्षभरात मला त्यांचा असा आवाज ऐकू आला नव्हता. 'आडवी घाला. खोडाला धरून ओढायचं नाही, खोड म्हणजे पिशवीचा बंद नाही. सुरी घे, काठानं फिरव. जावई, तुम्ही तळाच्या भोकातून दांडकं घाला. ढकलू नका! नुसतं टेकवून ठेवा.' भावोजी दांडकं टेकवून उकिडवे बसले, घामानं डबडबले. मी सुरी फिरवली. अप्पा म्हणाले, 'आता.' भावोजींनी ढकललं आणि मुळांचा गोळा सगळाच्या सगळा चादरीवर आला.

पिशवी नव्हती.

बोटाएवढी जाड मुळं, एकमेकांत गुंतून कुंडीच्या आकाराची झालेली. तळाकडून सपाट कापलेली, म्हणजे झाड कुणीतरी मुद्दाम खाली बसवलेलं. एवढी जुनी मुळं नर्सरीच्या रोपाला नसतात, एवढं मलाही कळतं. मी वरून माती खरवडायला घेतली, चमच्यानं. खरवडत गेले, खरवडत गेले, आणि वीतभर खाली बुंधा लागला. माझ्या मनगटाहून जाड. आडवा कापलेला. आपण ज्याला झाड समजत होतो ती नुसती त्याच्या कुशीतून फुटलेली फांदी होती. मातीत गाडला गेलेला बुंधा एका बाजूनं कुजत चालला होता.

म्हणजे झाड तेच. आपलंच.

खरं सांगू? मला आधी शरम वाटली नाही. आधी वाटलं, सापडली! लाल तोडून आपल्या दारात लावला आणि बुंधा मातीत पुरून माझ्या तोंडाला पानं पुसली. 'बघा अप्पा, तुमच्या धाकटीनं,' एवढं माझ्या जिभेवर आलंही होतं.

पण अप्पा वाकले होते. 'इकडे आणा,' म्हणाले. चादर ओढून त्यांच्या पायाशी नेली. ओलं फडकं मागितलं. कापावर अंगठा फिरवला, पुसलं, पुन्हा फिरवला. आणि म्हणाले, 'वा.'

मी म्हटलं, 'वा काय अप्पा?'

'हा काप खात्यातला आहे. आधी खालून तिसरा हिस्सा कापायचा, मग वरून. म्हणजे फांदी पडताना साल ओरबाडत नाही. ही पायरी दिसते का? नवी पोरं वरूनच करवत घालतात, मग साल लोंबते.' नखानं काहीतरी टोकरलं, माझ्या तळहातावर ठेवलं. पिवळट कपची. 'मेण. मेणबत्तीचं. खात्यात सगळे डांबर फासायचे. मी मेण लावायचो. चाफ्याला डांबर सोसत नाही.'

मग मान हलवून म्हणाले, 'पण कलमाच्या खाली कापलाय. वरचा लाल, खालचा पांढरा. तुझ्या आईला लाल हवा होता म्हणून मी कलम बांधलं होतं. कलमाखाली कापला की पांढराच फुटणार. एवढा जाणता माणूस, आणि एवढी चूक कशी करील?'

मुंगे, कलमाचं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तुला माहीत असणार. पण त्या क्षणी मला कलमाचं काही वाटलं नाही. मी त्या मेणाच्या कपचीकडे बघत होते. तुझ्या घरी खात्याचा कोण माणूस येणार होता गं? एकच होता. तो माझ्यासमोर शाल पांघरून बसला होता आणि स्वतःच्याच कापाचं कौतुक करत होता.

अप्पांना बाहेर फिरायला ने. अप्पांसमोर नको. मी चोर तर चोर. सगळं एकदम कानात वाजायला लागलं. मी भावोजींकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं, ते दांडक्याकडे बघत होते.

आणि अप्पांनी मान वर केली. त्यांचे डोळे तुला आठवतात ना, कुणी कळी तोडली हे विचारतानाचे? तसेच, अगदी लख्ख.

'कुणी कापला?' म्हणाले. 'धाकटीनं?'

मी म्हटलं, 'नाही अप्पा. मी कापला.'

'तू?'

'हो. तुम्ही धाकटीकडे होतात तेव्हा आले होते. कीड लागलीय असं वाटलं. तुम्ही शिकवलं होतं तसाच कापला, मेण लावलं. कलमाचं मला माहीत नव्हतं. धाकटीनं काही नेलं नाही. तिनं जगवला तो.'

मला वाटलं, आता म्हणणार, तुला कुठला असा काप येतो? जिला चमच्यानं माती काढता येत नव्हती तिला! पण म्हणाले, 'हात चांगला आहे तुझा.' मग म्हणाले, 'अक्कल नाही.' आणि मग, 'आणि नाव तिच्यावर घातलंस होय?'

मी हो म्हटलं. ते तर खरंच होतं.

पुढचं काम झालं. कुजलेला भाग तासला, पांढरा चीक पुसला, सडकी मुळं काढली. जाड वाळू आणि विटांचे तुकडे घालून माती केली, बुंधा पार वर उघडा ठेवला. त्यांनाच तसा हवा होता, वारा लागायला. पण सगळ्या सूचना भावोजींना. 'जावई, त्यांना सांगा, दोन बोटं.' त्यांना म्हणजे मला. मी हातभर अंतरावर होते. नंतर मी चहा आणला तर घेतला नाही. 'आईचा होता तो,' एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

हे असंच झालं होतं ना? लिही. आता मला कोरा कागद चालणार नाही.

ताई


१८ मार्च

मुंगे,

तुझं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. मी खिडकीवर बसून वाचलं, तिथे वाचायला नको होतं. माझा चेहरा बघून एक बाई आपला मिक्सर न बदलताच परत घेऊन गेल्या.

तू औषधं आणायला गेली होतीस. परत आलीस तर फांद्या लहान-मोठ्या लावून भिंतीशी रचलेल्या, करवत पुसून खिळ्याला टांगलेली, आणि अप्पा हात धूत होते. खुशीत होते. 'गाडी येईल न्यायला,' म्हणाले. त्यांच्या मनात ते कामावर होते. आणि संध्याकाळी चहा घेऊन गॅलरीत गेले, बुंधा बघितला, आणि हमसून हमसून रडले. कुणी कापला म्हणून. तू म्हणालीस, कीड होती, खात्याची माणसं कापून गेली. सकाळी विसरले, संध्याकाळी पुन्हा गॅलरीत गेले आणि पुन्हा तेच. रोज त्यांच्यासाठी तो नव्यानं कापलेला असायचा. म्हणून तू मुळं छाटून झाड खाली बसवलंस आणि बुंध्यावर काठापर्यंत माती ओढलीस. टाकून दिलेल्या फांद्यांतली एक दारात खोचलीस, ती लागली. आत्याला काय सांगणार, म्हणून नर्सरी.

आणि मला का नाही सांगितलंस? तेही लिहिलंयस. 'तू आधी मला धारेवर धरलं असतंस, की त्यांना एकटं सोडलंसच कसं. आणि मग कधीतरी रागाच्या भरात त्यांच्यासमोर बोलून गेली असतीस.' हे वाचून मला राग आला. मी पत्र मिटवून पिशवीत टाकलं. बसमध्ये पुन्हा काढलं. बोलून गेले असते, मुंगे. नक्की गेले असते.

'ताई, तू कशाला अंगावर घेतलंस, मला आता सवय झाली होती,' असं खाली लिहिलंयस. मला फार वाईट वाटलं. याहून नीट मला लिहिता येत नाही.

आता इकडचं. मला वाटलं होतं, अप्पा उद्या विसरतील. ते सगळं विसरतात. जेवले का ते विसरतात, भावोजींना मधूनच खात्यातला कुणी तरी समजतात. हे मात्र विसरत नाहीत. माझ्या हातचं पाणी घेत नाहीत, भावोजींनी दिलं तर घेतात. परवा दुधाची पिशवी कापायला कात्री घेतली तर आतून हाक मारली, 'जावई, बघा हो, तिच्या हातात काय आहे!' खालचे मास्तर भेटायला आले, त्यांना कुजबुजून सांगितलं, 'तुमचा चाफा आत घ्या. आमची मोठी झाडं कापते.' मास्तर भले माणूस, पण जाताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलंच. मला कुणी असं बघितलेलं आवडत नाही हे तुला माहीत आहे. तू वर्षभर कशी राहिलीस?

काल अप्पांनी भावोजींना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. बराच वेळ गुप्त खलबत चाललं होतं. मी बाहेर, कान देऊन, सवयच ती. काही ऐकू आलं नाही. मग भावोजी स्वयंपाकघरात आले, ओट्याला टेकून उभे राहिले आणि हसू की रडू असा चेहरा करून म्हणाले, 'मला शपथ घातलीय तुला सांगायचं नाही म्हणून.' अप्पा त्यांना म्हणाले होते, 'धाकटीला बोलावून घ्या. चोरून. मोठीला पत्ता लागू देऊ नका, तीच तिला येऊ देत नाही. फार संशयी आहे ती.'

तेव्हा हे पत्र मी लिहिलेलं नाही, भावोजींनी लिहिलंय, असं समज. शनिवारी ये. मी दुकानात जाते म्हणून निघेन आणि खाली मास्तरांच्या बायकोजवळ बसेन. बेल वाजवू नकोस, दारावर हलकेच टकटक कर, त्यांना तसं हवंय. दार उघडायला ते स्वतः येणार म्हणतात, कालपासून दोनदा सराव केलाय. उघडल्यावर ओठांवर बोट ठेवतील, तूही ठेव. बस त्यांच्याजवळ, हवं तितका वेळ बस. माझ्याबद्दल काहीबाही सांगतील. कितीही वाईट सांगितलं तरी माझी बाजू घेऊ नकोस. मान हलव.

ताई